चिंगीच्या कानामागे

१

सकाळी कपाट उघडलं आणि पाच बाळांच्या डिशांवर तोच एक पाहुणा पसरलेला दिसला, तेव्हा मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भीती वाटली ती मागाहून. इतकी वर्षं जंतूंच्या मागे घालवली की माणूस असा बिघडतो. हॉस्पिटलात मला पाठीमागे जंतूबाई म्हणायचे, हल्ली तोंडावरही म्हणतात. तळमजल्यावर माझी प्रयोगशाळा आहे, नाकाच्या शेंड्यावर माझा राग आहे आणि कोपऱ्यात ते उबदार लोखंडी कपाट आहे. बाळाच्या अंगावरून कापसाची काडी फिरवायची, ती डिशमधल्या खाद्यावर टेकवायची आणि डिश कपाटात ठेवून घरी जायचं. सकाळी कोण कोण उगवलंय ते दिसतं.

आज उगवला होता चिकट्या. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे आणि ते मी रिपोर्टात लिहिते. एरवी मी त्याला चिकट्याच म्हणते. डिशवर तो ओला आणि फुगीर दिसतो, आणि तारेच्या टोकाने उचलायला गेलं की पाकासारखी तार धरतो. मोठ्या माणसाच्या पोटात तो बिनबोभाट राहतो, कोणाला पत्ता लागत नाही. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, ओंजळीत मावणाऱ्या बाळाची गोष्ट वेगळी. नुसता कातडीवर बसलाय तोवर तो दारात उभा असलेला अनोळखी माणूस. सुईच्या वाटेने एकदा रक्तात शिरला की मग बाळाच्या जिवावर बेततं.

गेल्या आठवड्यात तो चिंगीच्या रक्तात शिरला होता. चिंगी म्हणजे जुळ्यांतली मुलगी. तिचा भाऊ पैलवान, आणि तो नावाच्या अगदी उलट. ही नावं नर्सनी ठेवलेली. चिंगी गार पडली, दूध ओढेना. औषध वेळेवर लागू पडलं म्हणून वाचली. मग मी भांडून अतिदक्षता विभागातल्या सगळ्या बाळांच्या अंगावरून काड्या फिरवून घेतल्या. चिंगीखेरीज आणखी चार बाळांच्या अंगावर चिकट्या निघाला. चौघंही अजून ठणठणीत होती. पण तो कुठूनतरी येत होता, एवढं नक्की झालं.

डिशा घेऊन मी जिना चढले आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मोठे डॉक्टर म्हणजे या विभागाचे प्रमुख. डॉक्टर म्हणून एक नंबर, आणि चिकटपणात माझ्या जंतूचे थोरले भाऊ. त्यांच्या घरून निघालेली वस्तू कधी भंगारात जात नाही, ती विभागात येते. भिंतीवरचं घड्याळ, पडदे, बाळांच्या दुधाचा फ्रिज, सगळं त्यांच्या घरी नोकरी करून इथे आलेलं. याचा त्यांना अभिमान आहे.

त्यांनी डिशा पाहिल्या आणि मान हलवली. त्यांच्या मते कोडं सुटलेलंच होतं. चिंगीची आई दूध डेअरीच्या गोठ्यात कामाला होती. 'ओल्या जागी राहणारा जंतू' हे तर माझ्याच रिपोर्टातलं वाक्य, आणि गोठ्याहून ओली जागा कुठली? आईने आणला, चिंगीला दिला, चिंगीकडून बाकीच्यांना गेला. म्हणून आठवडाभर आईला काचेबाहेर उभं केलं होतं. पोरांना हात लावायचा नाही, तिचं दूधही द्यायचं नाही. आता चिंगीला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात, एकटीला वेगळ्या खोलीत हलवायचं ठरलं होतं. पैलवान इथेच राहणार.

आई एक, पोरं दोन आणि शहरं दोन, तेव्हा तिने स्वतःचे दोन तुकडे करायचे का, असं मी विचारलं. शिवाय नुकत्या आजारातून उठलेल्या एवढ्याशा जिवाला गाडीत घालून न्यायचं. त्यावर ते शांतपणे म्हणाले की बाकीच्या चार बाळांनाही आया आहेत. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"उद्या दुपारी गाडी येईल," ते म्हणाले. "तोपर्यंत दुसरं काही सापडलं तर दाखवा. मी स्वतः गाडी परत पाठवीन."

२

कोपरापर्यंत हात धुऊन, झगा चढवून मी विभागात गेले. तिथे दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत सगळ्यात आजारी बाळं, प्रत्येक जण आपापल्या बंद काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या. बाहेरच्या खोलीत सुधारलेली बाळं, उघड्या पाळण्यांत. त्यांचं काम एकच, दूध पिऊन वजन वाढवायचं आणि घरी जायचं.

दोन्ही खोल्यांवर राज्य सिस्टरांचं, म्हणजे इथल्या मुख्य नर्सचं. बारीक चणीच्या, भराभर चालणाऱ्या आणि रिकाम्या वेळात सुया-लोकर घेऊन बसणाऱ्या. बाळ आतल्या खोलीतून बाहेर आलं की सिस्टर त्याला स्वतः विणलेली टोपी घालतात आणि सगळ्या नर्स भोवती जमून दोन बोटांनी टाळ्या वाजवतात. पूर्ण टाळी वाजवली तर बाळं दचकतात. "पुढे आयुष्यभर लोक टोप्या घालणारच आहेत, पहिली तरी मायेची असू दे," हा त्यांचा ठरलेला विनोद. प्रत्येक वेळी सगळ्या हसतात. हा सोहळा पाहायला मीसुद्धा एकदोनदा तळमजल्यावरून आले आहे.

आज सिस्टर हसत नव्हत्या. आपल्याच कोणाच्या तरी हातून हे झालं असणार, ही भीती त्यांना आठवडाभर खात होती. मी एकेका पाळण्यापाशी जाऊन कोणाच्या अंगावर चिकट्या निघाला ते पाहत गेले, आणि मधेच थबकले. हिशेब उलटा होता. आतल्या खोलीत एकाच्याही अंगावर तो नव्हता. पाचही बाळं बाहेरच्या खोलीतली, सुधारलेली.

आजारी बाळाला सगळ्यात जास्त हात लागतात. सुया, नळ्या, तपासण्या, दर थोड्या वेळाने कोणीतरी पेटीत हात घालतं. चिकट्या नर्सच्या हातांवरून फिरत असता तर आतल्या खोलीत आधी गेला असता. म्हणजे हात निर्दोष. हे मी सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या स्टुलावर मटकन बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, रडायला सवड नाही, उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे.

बाहेरच्या खोलीत एकच बाळ सुटलं होतं. ते म्हणजे पैलवान. हातापायांच्या शिरा संपल्या म्हणून त्याच्या डोक्याच्या शिरेत सलाईनची सुई होती, पट्टीने चिकटवलेली. त्यामुळे तो बोडका झोपला होता आणि त्याची निळी टोपी पाळण्याच्या दांडीला अडकवलेली होती. सुई निघाली की घालू, असं सिस्टर म्हणाल्या. शेजारी चिंगी, पिवळ्या टोपीत भुवयांपर्यंत बुडालेली.

काचेपलीकडे त्यांची आई उभी होती. मी बाहेर गेले. तिचे हात पाहून मला कसंतरी झालं. आरोप झाल्यापासून ती दिवसभर साबणाने हात धूत होती आणि बोटांना भेगा पडल्या होत्या. सासू म्हणाली होती, गोठ्यातली घाण पोरीला लावलीस. नवरा काहीच म्हणाला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. गोठ्यात ती बाळंतपणाच्या कितीतरी आधीपासून गेली नव्हती, पण हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं की बंदी येण्याआधी ती दोन्ही बाळांना घ्यायची का. घ्यायची. छातीशी, कातडीला कातडी लावून, नर्सनी शिकवलं तसं.

"कोणाला जास्त वेळ?"

"पैलवानाला," ती म्हणाली. "तो अशक्त ना, मॅडम. तो उघडा असतो, तर त्याच्या कपाळाला गाल तरी लावता येतो. चिंगी आपली टोपीत. तिच्या केसांचा वास अजून घेतलेला नाही मी." आणि मग, काचेकडे बघत, "उद्या नेणार ना तिला?"

माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी धावत होतं. जंतू आईचा असेल, तर तो आधी पैलवानाच्या अंगावर हवा होता. जास्त वेळ तिच्या छातीशी तो होता, अशक्त तो होता, आणि नेमका तोच स्वच्छ होता. चोर सोडून संन्याशाला फाशी निघाली होती, आणि चोर अजून याच खोलीत होता.

३

तेवढ्यात दारातून एक ढकलगाडी आत आली आणि तिच्यामागून सोनोग्राफीवाला. हा गडी बोलघेवडा. अकाली जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झालाय का ते पाहायला तो टाळूवर थोडी जेली लावतो आणि यंत्राची दांडी फिरवतो. जेली गार लागून बाळ रडू नये म्हणून बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवतो. आज त्याने ती बाटली भांड्यातून काढली, उरलेल्या जेलीवरच मोठ्या डब्यातली नवी जेली ओतली आणि पुन्हा पाण्यात बुडवली.

कोमट, ओली, कधीच पूर्ण रिकामी न होणारी बाटली, आणि ती जाते सरळ बाळाच्या डोक्यावर. चिकट्याला याहून चांगलं घर मी स्वतःसुद्धा बांधून दिलं नसतं. मी झडप घालून बाटली काढून घेतली. सोनोग्राफीवाला चिडला. तुम्ही या हॉस्पिटलात यायच्या आधीपासून मी ही गाडी ढकलतोय, असं त्याने मला ऐकवलं. मी त्याला ऐकवलं की गाडी जुनी असायला हरकत नाही, जेली जुनी नको. नर्स गालात हसत होत्या आणि मी मनातल्या मनात मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर बाटली आपटून आले होते.

जाता जाता सहज विचारलं की कोणकोणत्या बाळांची सोनोग्राफी झाली. तो म्हणाला, आतल्या खोलीत सारखी चालते, ती पोरं धोक्यातली. बाहेरच्यांची एकदा, घरी जायच्या आधी, आणि यातल्या तिघांची तर अजून व्हायचीच आहे. पैलवानाची झाली का? दोनदा झाली, डोक्यावर सुई असल्यामुळे दुसऱ्या बाजूने करावी लागली.

मी बाटली त्याच्या हातात परत दिली. जेलीतून येत असता तर आतली खोली चिकट्याने भरली असती आणि बाहेरची तीन बाळं सुटली असती. इथेही सगळं उलटंच. उद्यापासून प्रत्येक बाळाला नवी बाटली उघडायची, असा दम मी त्याला दिलाच, कारण चोर नसला तरी घर उघडं टाकणारा होता. पण माझा सगळा फुगा फुटला होता.

तळमजल्यावर येऊन मी डबा उघडला आणि न खाता मिटला. दुपार कलायला लागली होती. चिंगीच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. करायला काही नव्हतं म्हणून सकाळच्या डिशा पुन्हा काढल्या. प्रत्येक बाळाच्या दोन डिशा होत्या, एक बेंबीजवळच्या काडीची आणि एक कानामागच्या काडीची. सकाळच्या उत्साहात मी फक्त कोणाच्या अंगावर तो आहे एवढंच पाहिलं होतं. अंगावर कुठे, ते पाहिलंच नव्हतं.

आता पाहिलं. चिंगीची बेंबी स्वच्छ, कान भरलेला. दुसऱ्या बाळाचंही तेच. तिसऱ्याचंही. पाचही बाळांचं तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दुधातून आलेला जंतू पोटात बसतो आणि शीबरोबर लंगोटात उतरतो, बेंबीच्या अगदी शेजारी. हातांवरचा आधी लंगोटाच्या आसपास जातो, कारण बाळाला सगळ्यात जास्त हात तिथे लागतात. आमचा चिकट्या त्या बाजूला फिरकलाच नव्हता. तो फक्त कानापाशी येत होता, फक्त बाहेरच्या खोलीत, आणि पैलवानाला सोडून. मी डिशा तशाच टाकल्या आणि जिन्याकडे पळाले.

४

बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहून मी फक्त कान शोधले. चटकन एकही दिसेना. चिंगीचे पिवळ्या लोकरीखाली, शेजारच्या बाळाचे हिरव्या लोकरीखाली, पलीकडच्याचे लाल. सगळ्या पाळण्यांत मिळून दोनच कान उघडे होते, ते पैलवानाचे. आतल्या खोलीत बघितलं. पेटी आतून गरमच असते, टोपी लागत नाही. तिथे सगळ्यांचे कान मोकळे.

बाळं सुधारली म्हणून त्यांना चिकट्या मिळत होता. बक्षीस म्हणून मिळत होता.

मी आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि सिस्टरांना विचारलं की टोप्या कुठे धुतात. त्या हौसेने दाखवायला निघाल्या. पूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जायच्या, तिथे सगळं उकळतं आणि लोकर आटते. त्यांनी खिशातून एक टोपी काढून दाखवली, ती लिंबाला घातली असती तरी घट्ट झाली असती. म्हणून मग काही महिन्यांपूर्वी सोय झाली. कपड्यांच्या कोठीमागे एक चिंचोळी खोली होती आणि तिथे घरगुती वॉशिंग मशीन होतं. दार समोरून उघडणारं, बाजूला फुलपाखराचं अर्धं खरवडलेलं स्टिकर. त्यात टोप्या गार पाण्यात, लोकरीचं बटण दाबून, मऊ साबणाने. मग खिडकीशी दोरीवर सावलीत वाळवायच्या. हे सगळं सिस्टर स्वतः करत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. नव्या टोपीलासुद्धा आधी एकदा इथून काढून मगच बाळाला घालत. यापेक्षा जास्त मायेने कोणी काही धुतलं असेल असं मला वाटत नाही.

मी गुडघे टेकले, हातमोजा चढवला आणि दाराभोवतीच्या रबराची घडी बोटाने उलटी केली. आत काळपट पाणी साचलेलं होतं. कितीतरी दिवसांचं, कधीच न तापलेलं. बोट बुडवून वर उचललं तशी त्याच्याबरोबर एक लांब, चिकट तार वर आली आणि तुटायला वेळ लागला.

बुळबुळीत सगळंच काही चिकट्या नसतं, हे मला कळत होतं. रबराची काडी घेतली, साबणाच्या खणाची घेतली. तेवढ्याने भागणार नव्हतं. मोठे डॉक्टर काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. तेव्हा मी पुन्हा पाळण्यांपाशी आले आणि पैलवानाच्या दांडीवरची निळी टोपी चिमट्याने उचलली.

"ही कधी विणली?" मी विचारलं.

"दोघांच्या एकदमच विणल्या," सिस्टर म्हणाल्या. "पिवळी आणि निळी. एकत्रच धुतल्या. ज्या दिवशी बाहेर आली त्या दिवशी हिला घातली आणि त्याची इथे अडकवली. त्याला अजून..." आणि मग त्या थांबल्या. हुशार बाई, सगळं लक्षात यायला त्यांना एक क्षण लागला.

"मीच घातल्या," त्या म्हणाल्या. "एकेकाला. माझ्या हातांनी."

मला समजूत घालता येत नाही. मी त्यांचा खांदा धरला आणि म्हटलं की आत्ताच्या आत्ता सगळ्या टोप्या उतरवा, धुलाईखान्यातली उकळलेली सुती फडकी डोक्यांना गुंडाळा, कान कोमट पाण्याने नीट पुसा आणि सकाळपर्यंत कोणाशी बोलू नका. त्या डोळे न पुसताच कामाला लागल्या. जाता जाता मी विचारलं की हे मशीन मुळात आलं कुठून.

त्यांनी सांगितलं, आणि मला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना.

५

सकाळी उजाडताच मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. कपाट उघडलं. रबराची डिश: ओली, फुगीर, चिकट वसाहत, म्हणजे जंतूंचा दाट पुंजका. साबणाच्या खणाची: तीच. मग निळ्या टोपीची डिश उघडली आणि मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर पोचले तेव्हा गाडी आधीच आली होती, वेळेच्याही आधी, आणि ड्रायव्हर बाहेर टेकून उभा होता. काचेपाशी चिंगीची आई हातात एक पिशवी घेऊन थांबली होती. पोरीबरोबर द्यायचे कपडे होते त्यात. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिला हाताने थांब अशी खूण केली आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. सिस्टर तिथेच उभ्या होत्या.

मी सगळं क्रमाने सांगितलं. आतली खोली स्वच्छ, म्हणून हात नाहीत आणि जेलीही नाही. बेंबी स्वच्छ, म्हणून दूध नाही. पैलवान स्वच्छ, म्हणून आई नाही. उरतात कान, आणि कानांवर टोपी. मग मशीनची डिश पुढे सरकवली आणि तारेने वसाहत उचलून दाखवली. तार चांगली वीतभर आली.

ते माणूस म्हणून हट्टी असले तरी डॉक्टर म्हणून बेइमान नव्हते. त्यांनी बराच वेळ डिश पाहिली आणि मग मला अपेक्षित असलेलाच प्रश्न विचारला.

"मशीनमध्ये आहे, मान्य. पण तिथे तो चिंगीच्याच टोपीतून गेला असेल. आईने चिंगीला दिला, चिंगीने टोपीला, टोपीने मशीनला. उलटं कशावरून नाही?"

या प्रश्नासाठीच मी रात्रभर झोपले नव्हते. मी निळ्या टोपीची डिश त्यांच्यापुढे ठेवली.

"ही पैलवानाची टोपी. चिंगीच्या टोपीबरोबर विणली, बरोबरच धुतली, तेव्हा चिंगीने अजून टोपी डोक्यावर घेतलीसुद्धा नव्हती. त्यानंतर ही दांडीवर लटकून आहे. आईने हिला हात लावलेला नाही, कुठल्या बाळाच्या डोक्याला ही लागलेली नाही. ही फक्त एकाच ठिकाणी जाऊन आली आहे, त्या मशीनमध्ये. चिंगीची टोपी धुवायला परत येण्याआधीच चिकट्या तिथे बसलेला होता."

ते पुन्हा त्या डिशकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पक्की ओळख पटवायला अजून एक दिवस लागेल, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी मान डोलावली. एक दिवस थांबता येईल, म्हणाले, आणि फोन उचलून गाडी परत पाठवायला सांगितलं. मग सिस्टरांकडे वळून विचारलं की हे मशीन घेतलं कुठून, परवानगी कोणी दिली.

सिस्टरांनी खाली पाहिलं. बोलणं माझ्यावर आलं.

"त्याच्या बाजूला फुलपाखराचं स्टिकर आहे," मी म्हटलं. "अर्धं खरवडलेलं."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. ते फुलपाखरू त्यांच्या मुलीने लहानपणी चिकटवलं होतं, हे सिस्टरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. घरी नवं मशीन आलं तेव्हा जुनं त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून इथे आणलं होतं, आणि टोप्या आटतात म्हणून खंतावणाऱ्या सिस्टरांना भेट दिलं होतं. गोठ्यापर्यंत गेलेला माग फिरून त्यांच्याच न्हाणीघरात येऊन थांबला. मी त्यावर काही टोमणा मारला नाही. तो सुचला असूनही मी गिळला, आयुष्यात पहिल्यांदाच.

सिस्टर हुंदका आवरत म्हणाल्या की चूक त्यांची, टोप्या त्यांनीच घातल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना अडवलं. तुम्ही टोपी विणलीत, ते म्हणाले, टाकाऊ मशीन दारात आणून ठेवणारा मी. मग ते उठले आणि आम्हा दोघींच्या पुढे चालत काचेपाशी गेले.

चिंगीच्या आईने त्यांना येताना पाहून पिशवी छातीशी धरली. गाडीची वेळ झाली असं तिला वाटलं असणार.

"बाई, चूक आमची होती," मोठे डॉक्टर म्हणाले. "जंतू तुमच्याकडून आला नाही. माझ्या घरून आला. तुम्हाला उगाच बाहेर उभं केलं, मला माफ करा."

तिने हे सगळं ऐकून घेतलं. गोठ्याचा, सासूचा, आठवड्याचा, कशाचाच उच्चार तिने केला नाही. माफीकडेसुद्धा तिचं लक्ष होतं असं मला वाटत नाही.

"मग मी हिला घेऊ का?" तिने विचारलं.

सिस्टरांनीच तिला आत नेलं, हात धुवायला लावले, भेगांवर मलम लावून वर स्वच्छ हातमोजे चढवले. खुर्चीत बसवलं आणि चिंगीला पाळण्यातून उचलून तिच्या छातीशी दिलं. डोक्याचं फडकं त्यात सुटून खाली पडलं. सिस्टर दुसरं आणायला धावल्या, पण आईने तोवर आपला एक हातमोजा ओढून काढला होता आणि उघडा तळहात चिंगीच्या डोक्यावर ठेवला होता. तो कानांवरून बरोबर बसला. मग तिने वाकून, बोटांच्या फटीतून, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

काचेबाहेर मोठे डॉक्टर उभे होते. आत कोणीतरी दोन बोटांनी टाळी वाजवायला सुरुवात केली, आणि मग आम्ही सगळ्यांनीच वाजवली.